ओस गल्ल्या, उंच मनोरे : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या पॅरिसवरील माझ्या लेखात छायाचित्रकार शार्ल मार्व्हिलच्या छायाचित्रांवर मी शंका घेतो आणि चित्रकार शार्ल मेर्याँच्या एचिंगना (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांना) मात्र पुरावा मानतो, हा पक्षपात आहे, असा आपला आक्षेप आहे. कॅमेरा खोटे बोलत नाही, चित्रकार बोलतो, असेही आपण लिहिले आहे. यातले अर्धे मला मान्य आहे. नोत्र दाम कॅथीड्रलचे मनोरे नदीकाठावरून दिसतील त्यापेक्षा मेर्याँने 1850च्या ‘छोटा पूल’ या चित्रात बरेच उंच काढले, हे मी सांगायलाच हवे होते. ते राहिले, ही माझी चूक.

छायाचित्रांबाबत मात्र मी मत बदललेले नाही. गेल्या महिन्यात पहाटे रामकुंडावर स्टँडवर कॅमेरा लावून मी दहा सेकंदांचे एक्स्पोजर दिले, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे ठेवले. स्नानाला आलेले पन्नासएक भाविक समोर होते. छायाचित्रात गोदावरी दुधासारखी पांढरी आली, पायऱ्या ओस दिसल्या, आणि उरला तो मुंडनासाठी मान खाली घालून बसलेला एकच माणूस. वस्तरा चालवणाऱ्याचे पाय उमटले, हात नाहीत. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने 1838च्या सुमारास टिपलेल्या पॅरिसच्या रस्त्याचे असेच झाले होते: काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये वाहता रस्ता रिकामा झाला आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला माणूस तेवढा राहिला.

मार्व्हिलच्या काळी ओल्या कलोडियनच्या (प्रकाशाला संवेदनशील असा ओला लेप दिलेल्या) काचांमुळे हा वेळ सेकंदांवर आला, तरी चालता माणूस पुसला जाईच. पॅरिसची नव्याने आखणी करणाऱ्या ओस्मान या प्रशासकाच्या योजनेत पाडायच्या गल्ल्यांची सुमारे 425 छायाचित्रे त्याने 1860च्या दशकात पॅरिस शहरासाठी घेतली. गल्लीच्या मधून जाणारे गटार, दुकानांच्या पाट्या, भिंतींचे पोपडे यांबाबत मी त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवीन. तिथे किती वर्दळ होती, हे मात्र त्याला विचारणार नाही. ते मेर्याँच्या 1854च्या ‘शवागार’ चित्रातल्या, कठड्याशी दाटलेल्या गर्दीला विचारीन. ओस गल्ली पाहिली की ती पाडण्याआधीच मेली होती असे वाटू लागते, आणि पाडणाऱ्याला तेच सोयीचे असते, म्हणून मी इतका आग्रह धरतो.

मनोऱ्यांची दुरुस्ती आजच मूळ लेखात घालत आहे. रामकुंडाचे छायाचित्रही सोबत जोडतो. त्यात डावीकडे, तिसऱ्या पायरीवर, कोणाच्या तरी पिवळ्या साडीचा पुसटसा पट्टा दिसेल.