बोर्डाचा भाव

मुंबई ते लंडन, फर्स्ट क्लास, एक सीट. सकाळपासून ती मोबाइलवर दिसत होती. माझे पॉइंट बँकेतून निघाले होते आणि विमान कंपनीत पोचायचे होते. ते पोचले तेव्हा सीट गेलेली होती. हे सगळं जळगावच्या सराफ बाजारात, एका पेढीच्या गादीवर, भाचीच्या लग्नाचं सोनं तोललं जात असताना घडलं, आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रेडिट कार्डावर दीडशे रुपये खर्चले की काही पॉइंट मिळतात. पेट्रोल भरलं तर बहुधा नाही, घरभाड्याला नाही, मोबाइलच्या वॉलेटमध्ये पैसे भरले तर नाहीच. हे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की त्यांचे मैल होतात. कधी एकाला एक, कधी दोनाला एक, बँकेची मर्जी. मैलांवर तिकीट काढता येतं, पण विमानातल्या सगळ्या सीटा मैलवाल्यांसाठी नसतात. रोख पैसे देणारा मिळणार नाही अशी खात्री झाली की कंपनी एखाद-दुसरी बाहेर टाकते, आणि देशभरातले माझ्यासारखे लोक तिच्यावर तुटून पडतात.

त्यामुळे आमच्या घराण्यात कोणी काहीही घेतलं तरी पैसे माझ्या कार्डावरून जातात. पाचोऱ्याच्या मावसभावाच्या ठिबकच्या नळ्या, यावलच्या आत्याचा फ्रिज, चोपड्याच्या साडूचं इन्व्हर्टर. पैसे परत येतात. कधी लगेच, कधी केळीची पट्टी आल्यावर. भाचीच्या सोन्यालाही म्हणूनच मला नेलं होतं. मामाचं मत हवं, असं ताई म्हणाली होती, पण दाजींची नजर माझ्या पाकिटावर होती.

तर सीट गेली आणि माझ्या तोंडून जे काही निघालं, त्यावर शेजारचे आप्पा वळले. रावेरकडचे असावेत. टोपी, धोतर, मांडीवर कापडी पिशवी आणि तिच्यात रुमालात गुंडाळलेल्या जुन्या पाटल्या, मोडीत घालायला आणलेल्या. पेढीचा चहा त्यांनी बशीत ओतला होता आणि ओठाला लावणार, एवढ्यात थांबले.

"काय गेलं भाऊ?"

"सीट गेली आप्पा. विमानाची."

"इमान चुकलं का?"

"नाही, उडायला अजून तीन महिने आहेत."

"मंग गेलं काय?"

मी सांगितलं. आप्पांनी बशी खाली ठेवली. माझ्या आयुष्यात बँकेच्या कोणाही माणसानं माझं म्हणणं इतकं मन लावून ऐकलेलं नाही.

"म्हंजे नळीचे पैसे तू भरले."

"हो."

"अन् नळी?"

"मावसभावानं नेली."

"मंग तुले काय भेटलं?"

"पॉइंट."

"दाखव बरं."

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला आणि तो सहा आकडी आकडा बोट ठेवत वाचला. बोटामुळे पान सरकलं आणि खाली जाहिरात आली. त्यांनी तीही वाचली.

"हे रुपये का?"

"नाही."

"मंग याचा भाव काय?"

"तो बँक ठरवते."

"अन् बदलला तं?"

"ईमेल येतो."

आप्पांनी बशी उचलून एका घोटात संपवली आणि अख्ख्या पेढीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे तं बऱ्हाणपूर झालं!"

ज्यांच्या घरात केळी नाही त्यांना हे सांगावं लागेल. पीक आमच्या रावेर-यावलच्या मळ्यात, आणि भाव निघतो तिकडे मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरच्या मार्केटच्या बोर्डावर. बोर्डावर एक आकडा लागतो. बांधावर आलेला व्यापारी दुसराच सांगतो. माल बारीक आहे, पुढं उठाव नाही, गाडी मिळत नाही. घड तयार झाला की शेतकऱ्याला थांबता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

"तुझे पॉइंट पिकतात का?" आप्पांनी विचारलं.

"पिकत नाहीत, पण मुदत असते. वापरले नाहीत तर बाद."

"मंग केळीच हाये ती."

सोनं दाखवणारा पोरगा हातातला हार तसाच धरून हसत होता. दाजीही हसले. मी त्या लंडनच्या सीटसाठी किती रात्री जागलो होतो हे दाजींना ठाऊक होतं, तरी हसले. हे मी लक्षात ठेवणार आहे.

मग आप्पांना फर्स्ट क्लासमध्ये असतं तरी काय, हे हवं होतं. मी जाणार होतो त्या विमानात पलंगासारखी खुर्ची होती. पण एमिरेट्सच्या ए380 मध्ये फर्स्ट क्लासवाल्यांना चक्क शॉवर आहे, आकाशात अंघोळ, हे मी सांगून बसलो. पाणी पाच मिनिटांचं.

"पाच मिनटं? अन् साबन डोयात राह्यला तं?"

ज्या गावात नळाचा वार चुकला की घरात भांडणं होतात, तिथल्या माणसानं हे विचारणं रास्तच होतं.

मला कुठेतरी स्वतःची बाजू सावरायची होती, म्हणून मी अमेरिकेतल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनियरची गोष्ट काढली. 1999 साली एका खाद्यपदार्थ कंपनीनं पाकिटावरच्या छापाबद्दल विमानाचे मैल द्यायची योजना आणली. या गृहस्थानं हिशोब मांडला, पुडिंगचे 12,150 डबे सुमारे 3,140 डॉलरला उचलले आणि बारा लाखांहून जास्त मैल मिळवले. लेबलं सोलायला एका धर्मादाय संस्थेचे लोक लावले आणि त्या बदल्यात पुडिंग त्यांनाच देऊन टाकलं. मैलांच्या दुनियेत हा माणूस देवासारखा पूजला जातो.

आप्पांनी तेवढंच पकडलं. "मंग आमच्या केळीवर काबरं नाही देत? आम्ही तं ट्रकनं विकतो."

एवढ्यात बँकेचा फोन लागला. मी तो केव्हाचा स्पीकरवर ठेवला होता. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे वाक्य पेढीत सगळ्यांचं पाठ झालं होतं. एक मुलगी बोलायला आली. आवाज गोड होता आणि सर, सर चाललं होतं. मी म्हटलं, सीट गेली, माझे पॉइंट परत द्या. ती म्हणाली, सर, एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. उरलेल्या पॉइंटांत तुम्ही आमच्या कॅटलॉगमधून नॉनस्टिक तवा घेऊ शकता, त्यावर नव्व्याण्णव रुपये शुल्क आणि 18 टक्के जीएसटी. मी तोंड उघडायच्या आत आप्पा फोनवर वाकले.

"ताई, राम राम. हा भाव कोन ठरवते?"

पलीकडे शांतता. मग, "सर, आपण कार्डधारक बोलताय का?"

"मी केळीवाला बोलतो. भाव कोन ठरवते ते सांगा."

"सर, ते मॅनेजमेंट ठरवतं."

"बऱ्हाणपुरात का?"

फोन कटला. बँकेनं नंतर एसएमएस पाठवून आमच्या सेवेला किती तारे द्याल, असं विचारलं.

इथवर हसायला ठीक आहे, पण मला राग कशाचा येतो ते सांगतो. 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सनं मैलांची योजना काढली, ती निदान विमानात बसणाऱ्यांसाठी तरी होती. आता विमान कंपन्या हे मैल गठ्ठ्यानं बँकांना विकतात आणि बँका ते आपल्यापुढे टाकतात. 2020 साली कोरोनात विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा अमेरिकेतल्या युनायटेडनं मैलांची योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. म्हणजे सावकारापुढे ठेवायला तो ऐवज आहे, पण मी मागितला की सीट नाही. भाव बदलला की सहा महिने खपून जमवलेले मैल एका रात्रीत कमी पडायला लागतात, आणि ईमेलाचं शीर्षक असतं, तुमच्यासाठी आनंदाची बातमी! कार्ड घरोघर फिरवून बिल भरणारा, पॉइंटांच्या मर्यादा आणि अपवाद पाठ करणारा, तारखा सांभाळणारा हा बिनपगारी कारकून कोणाच्या नोकरीत आहे, ते कोणी मला सांगावं.

आणि समजा सीट मिळाली असती, तरी तिथवर पोचायचं कसं? जळगावच्या विमानतळावरून उडतं ते लहान पंख्यांचं विमान. त्यात फर्स्ट काय, पाय पसरायची सोय नाही. म्हणजे मुंबईपर्यंत सुमारे 420 किलोमीटर रेल्वेनं, वेटिंगच्या तिकिटावर, कोणाच्या तरी बोचक्याशेजारी बसून. मग तिथे गोऱ्या गड्यानं गरम रुमाल द्यायचा.

सोन्याचा हिशोब झाला. मी कार्ड काढलं, तर पेढीवाले म्हणाले, कार्डाला दोन टक्के जादा लागतील. आप्पा पाटल्या रुमालातून सोडत होते. मान न वळवता त्यांनी बेरीज केली: "तीन टक्के जीएसटी सरकारचे, दोन मशीनचे, मंग तुझे पॉइंट. घे, घे. तवा भेटीन."

ताईनं चेकबुक काढलं.

माझे मैल आता विमान कंपनीच्या खात्यात पडून आहेत. त्यांत सध्या एकच सीट दाखवतात: मंगळवार, पहाटे अडीच, इकॉनॉमी, मधली, वर कर वेगळा. काल दाजींचा फोन आला होता. केटररला आगाऊ द्यायचे आहेत, तो कार्ड घेतो म्हणे, आणि जादा काही लावत नाही. मी त्यांना म्हटलं, किती ताटं आहेत ते आधी सांगा.