लेसिथिन, एनएमआर आणि ‘किरणोत्सर्गी’ अन्नाची अफवा

‘खाद्यपदार्थांतील लेसिथिन, म्हणजे ई-३२२, न्यूक्लिअर यंत्रात तपासतात, त्यामुळे ते किरणोत्सर्गी होते, त्यातला फॉस्फरस आगकाडीतला असतो, आणि पाकिटावरचे आकडे खोटे असतात,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. (लेसिथिन म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवण्यासाठी अन्नात घालतात तो स्निग्ध पदार्थ; ई-३२२ हा त्याचा युरोपीय क्रमांक.) माझ्या मोठ्या बहिणीने तो वाचून घरातले निम्मे खाणे टाकून दिले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

किरणोत्साराचा मुद्दा तर सर्वांत निरर्थक आहे. ते ‘न्यूक्लिअर यंत्र’ म्हणजे एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स); त्यात अणुकेंद्रक फुटत नाही की बदलत नाही. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यावर रेडिओलहरी सोडून केंद्रकांचा प्रतिसाद नोंदवला जातो, आणि रुग्णालयातील एमआरआयही याच तत्त्वावर चालते. ९.४ टेस्लाच्या चुंबकात फॉस्फरससाठी सुमारे १६२ मेगाहर्ट्झच्या लहरी लागतात, ज्यांची ऊर्जा रेणूतून इलेक्ट्रॉन उखडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतकी असते. ज्या फॉस्फरस-३१ चे मापन होते तो स्थिर आहे आणि निसर्गातला सगळा फॉस्फरस जवळजवळ तोच आहे. शिवाय तपासलेला नमुना क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलसारख्या द्रावकांत विरघळवलेला असतो; तो कोणाच्या ताटात कसा पोहोचणार, हे संदेशकर्त्यालाच ठाऊक.

आगकाडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: फॉस्फोलिपिडमधला, म्हणजे लेसिथिनमधल्या मुख्य मेदरेणूंमधला, फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपात बांधलेला असतो आणि प्रत्येक सजीव पेशीच्या पटलात हेच रेणू असतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये लेसिथिनचे पुनर्मूल्यांकन करून दैनंदिन सेवनाची संख्यात्मक मर्यादा ठरवण्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला.

आकड्यांच्या आरोपात मात्र, नाइलाजाने मान्य करतो, थोडे तथ्य आहे. लेसिथिनचे प्रचलित मानक ‘ॲसिटोनमध्ये न विरघळणारा भाग किमान ६० टक्के’ असे आहे, आणि त्या भागात फॉस्फोलिपिडांबरोबर ग्लायकोलिपिड (शर्करा जोडलेले मेदरेणू) व शर्कराही मोजल्या जातात; त्यामुळे त्या आकड्यालाच फॉस्फोलिपिडांचे प्रमाण म्हणणे दिशाभूल करणारे ठरते. पण ही दिशाभूल उघड करणारी चाचणी म्हणजे संदेशात बदनाम केलेले हेच एनएमआर. त्यात फॉस्फॅटिडिलकोलीन, फॉस्फॅटिडिलइथेनॉलामाइन, फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल या निरनिराळ्या फॉस्फोलिपिडांचे संकेत वेगवेगळे दिसतात, आणि रेडिओलहरींच्या दोन स्पंदांमध्ये पुरेसा वेळ ठेवला तर प्रत्येक संकेताचे क्षेत्रफळ केंद्रकांच्या संख्येच्या प्रमाणात येते. ट्रायफिनाइल फॉस्फेटसारखे तुलनेसाठीचे संदर्भद्रव्य वजन करून मिसळले की त्यावरून प्रत्येक घटकाचे प्रमाण काढता येते. मेदाम्ले कोणती आहेत हे मात्र फॉस्फरसच्या वर्णपटातून कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी (घटक वायुरूपात वेगळे करून ओळखण्याची पद्धत) करावी लागते.