आंब्याखाली तिसऱ्यांदा लॉन बसवू नका

दर जूनमध्ये पुण्यातल्या सोसायट्यांत एक काम ठरलेलं असतं. आंब्याखालचं किंवा रेन ट्रीखालचं टक्कल पडलेलं लॉन उकरायचं, लाल माती टाकायची, गवताचे नवे तुकडे अंथरायचे. दिवाळीपर्यंत हिरवं दिसतं, होळीला पुन्हा माती उघडी पडते आणि बोल माळ्याला बसतात.

दोष माळ्याचा नाही. सिलेक्शन वन असो की आपली हरळी, ही उन्हातली गवतं. सहा तास थेट ऊन मिळालं तर दाट राहतात, चारच्या खाली गेलं की लांबुळकी आणि विरळ होतात. मेक्सिकन गवत थोडी सावली सोसतं, गर्द सावलीत तेही जातं. शिवाय झाडाची पाणी ओढणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. प्रत्येक नव्या लॉनसाठी कुदळ चालते तेव्हा तीच तुटतात. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं: चार-पाच महिन्यांच्या हिरवळीपायी चाळीस वर्षांचं झाड दुबळं करायचं.

देवराईत गर्द झाडीखाली बघा. तिथे हिरवळ नसते, पाचोळा असतो आणि त्यातून सावलीतली झाडं वर आलेली असतात. घरी तेच करायचं.

सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळ हाताशी असताना. दहा बाय वीस फुटांचा तुकडा धरा. उरलंसुरलं गवत अगदी जमिनीलगत कापा, खणू नका. दर दहा चौरस फुटांना एक घमेलं कुजलेलं शेणखत पसरा. टेप आणि पिना काढलेले पुठ्ठ्याचे साधे खोके उघडून, कडा एकमेकांवर वीतभर चढवून अंथरा आणि चिंब भिजवा. त्यावर चार-पाच इंच पाचोळा, म्हणजे वीस-पंचवीस पोती. आंब्याचं पान चिवट असतं. अख्खी पानं कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी खाली जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून गवत कापायचं मशीन एकदा फिरवून घ्या. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. तिथे माती किंवा पाचोळा चढला की साल कुजते.

दर आठवड्याला पाणी मारायचंच. पुठ्ठा कोरडा राहिला की वाळवी लागते, त्यामुळे घराच्या जोत्यापासून तीन फूट तो टाकूच नका. गवत पुठ्ठ्याखाली मरतं, लव्हाळा मरत नाही. त्याचं टोकदार पातं पुठ्ठा भेदून वर येतं. तो खुरपीने गाठीसकट काढायचा, पुन्हा पुन्हा.

लागवड जूनमध्ये, दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर. रोपं लहान पिशवीतलीच घ्या, मोठ्यांना मोठा खड्डा लागतो. अंगठ्याएवढं मूळ लागलं तर खड्डा सरकवा, मूळ तोडू नका. मागे दोन अडुळसे किंवा तगरी, त्यांच्या पुढे तीन दशमूळी, पाच पेव, पंधरा-वीस आंबेहळदीचे कंद आणि मध्ये नेचे. जमीन झाकायला पिंपळी: तीन-चार पेरांची कांडी, फुटाफुटावर, साठेक. ओल टिकते तिथे मंडूकपर्णी. पिंपळीला पूर्ण झाकायला दोन पावसाळे लागतात, तोवर मधल्या मोकळ्या जागेत पाचोळाच राहू द्या.

पेव जवळून बघण्यासारखा आहे. खोडावर पानं जिन्यासारखी गोल फिरत चढतात. पावसाळ्यात टोकाला लालसर कणीस येतं आणि त्यातून चुरगाळलेल्या कागदासारखं पांढरं फूल उघडतं. दशमूळी हिवाळ्यात निळी फुलते आणि फूल जुनं झालं की लालसर होतं. त्या दिवसांत आंबेहळद जमिनीखाली झोपलेली असते, म्हणून तिच्या जागी काड्या रोवून ठेवा. नाहीतर जागा रिकामी समजून कोणीतरी तिथे खणतं.

वेडेलिया, म्हणजे पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वेल, लावू नका, सगळं गिळते. मनीप्लांट जमिनीवर सोडला तर झाडावर चढतो आणि पानं सुपाएवढी करतो.

पहिल्या उन्हाळ्यात रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नळी हळू सोडून खोल पाणी द्या. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगायी येतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं संध्याकाळी ठेवा, सकाळी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

मीटिंगमध्ये सापांचा मुद्दा निघेलच. साप येतो उंदरांमागे किंवा दडायला. म्हणून विटांचे ढीग हलवा, खरकटं टाकू नका, भिंतीलगतचा तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. आत जायला दोन फूट रुंद वाट हवी: शहाबादी फरशीचे तुकडे दोन इंच वाळूवर, सिमेंट नको. पाचोळ्यात डास होत नाहीत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेल्या पाण्यात होतात. ‘कचरा दिसतो’ म्हणणाऱ्यांसाठी कडेने दगडांची एक ओळ लावा. ती सरळ ओळ दिसली की हे मुद्दाम केलंय हे कळतं.

दुसऱ्या वर्षापासून मार्चमधलं काम एवढंच: वाटेवरची पानं झाडून पोत्यात भरायची नाहीत, जाळायची नाहीत, वाफ्यात ओढायची.