दिवसा गावात असतं कोण?

आमच्या गावात घराला आग लागली आणि ९११ फिरवला, तर बंब घेऊन येणारी माणसं स्टेशनात बसलेली नसतात. कुणी प्लंबर असतो, कुणी शाळेत शिकवते, कुणी टायरच्या दुकानात. पेजर वाजला की हातातलं काम टाकायचं, आपापल्या गाडीनं स्टेशन गाठायचं, आगीत घालायचा पोशाख चढवायचा आणि निघायचं. जेवढा वेळ कॉलवर, तेवढ्याचेच पैसे. पेड-ऑन-कॉल म्हणतात याला. मिनेसोटातली बहुतेक छोटी गावं याच पद्धतीवर किंवा निव्वळ स्वयंसेवकांवर चालतात. पण ट्विन सिटीजच्या (मिनिॲपोलिस-सेंट पॉलच्या) आसपास वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या मंडळींना याचा पत्ता नसतो. लाल गाडी दिसली की आपण मुंबई-पुण्याच्या हिशोबानं पगारी खातं धरून चालतो.

मग गप्पा प्रॉपर्टी टॅक्सवर येतात. "एवढा टॅक्स घेतात, तर पूर्णवेळ माणसं का नाही नेमत?" अहो, एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला तीन-चार पगार लागतात. बंबावर चौघं हवे असतील, तर करा गुणाकार!

शिवाय कॉल काही सगळे आगीचे नसतात. निम्म्याहून जास्त वैद्यकीय: आजोबा बाथरूममध्ये पडले, कुणाला श्वास लागला. उरलेल्या वेळात हीच माणसं वयस्कर लोकांच्या घरी स्मोक अलार्म लावून देतात, सीपीआर शिकवतात, ऑक्टोबरात आगप्रतिबंधक सप्ताहाला शाळेत जातात. (१८७१च्या शिकागोच्या आगीची आठवण म्हणून तो आठवडा. त्याच रात्री शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये पेश्टिगो गाव जळालं, हजारावर माणसं गेली. त्याचं नाव कुणी काढत नाही.) आमच्या लेकीच्या वेळी बाळाची कार सीट तपासून घ्यायला स्टेशनात गेलो, तर दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एक बाई होत्या. सीटवर गुडघा रोवून त्यांनी पट्टा करकचून ओढला, पट्ट्यापाशी धरून सीट हलवली आणि म्हणाल्या, "इथे एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये." पैसे विचारले तर हसल्या.

आता अडचण अशी की माणसं आटत चालली आहेत. कॉलवर येणारे आणि बिनपगारी स्वयंसेवक मिळून अमेरिकेत १९८४ साली सुमारे ९ लाख होते, २०२० साली पावणेसात लाखांच्या आसपास. लोकसंख्या मात्र वाढलीच. सगळ्यात जास्त ओढाताण दिवसाची, कारण तेव्हा अर्धं गाव दुसऱ्या गावात कामाला गेलेलं असतं.

आणि दिवसा गावात असतं कोण? आपण! बेसमेंटमध्ये लॅपटॉप उघडून, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. शिवाय ऑन-कॉल म्हणजे काय हे आयटीवाल्याला शिकवावं लागत नाही. कंपनीची चालू सिस्टीम झोपली की रात्री दोनला उठतोच की आपण.

एच-१बी व्हिसावाल्यांना हे जमणार नाही, मान्य; तो व्हिसा ठरलेल्या कंपनीतल्या कामापुरताच. पैसे मिळतात म्हणजे ती दुसरी नोकरीच झाली. पण ग्रीन कार्ड आणि सिटिझनशिप घेऊन बसलेले आपण कमी नाही. प्रशिक्षण गावच्या खर्चानं होतं, काही महिने संध्याकाळचे वर्ग असतात. अंगमेहनतीची परीक्षा असते, ती सोपी नाही. बऱ्याच ठिकाणी वर्षांच्या हिशोबानं पेन्शनही साठते. ढोल-ताशा पथकासाठी दर वीकेंडला वेळ काढणारी तिशी-चाळिशीतली पोरं आपल्याकडे आहेत, त्यामुळे वेळ नाही हे कारण मला पटत नाही.

बाकीच्यांनी निदान हिवाळ्यात घरासमोरच्या हायड्रंटभोवतीचा बर्फ काढावा, चारी बाजूंनी तीन फूट. आणि हाताखाली टीम असलेल्यांनो, तुमच्याकडचा कुणी पेजर वाजला म्हणून मीटिंगमधून उठला, तर त्याची अर्ध्या दिवसाची रजा मांडू नका.