आधी मुद्दल वळतं करा

"रस्ते, दिवे, कोर्टं, सगळ्याला पैसा लागतो. ज्याला सरकारी शुल्क भरायचं नाही त्याने मग तक्रारही करू नये," हिशेबनीस म्हणाला आणि काल कट्टा पेटला. आमच्यात त्याला हिशेबनीस म्हणतात, कारण नोकरीभर तो वसुलीच्याच बाजूला बसला. माणूस सरळ आहे, म्हणून त्याच्याशी भांडायला हुरूप येतो.

मास्तर म्हणाले, "शुल्क सगळ्यांना सारखं, पण खिसे सारखे आहेत का? एकाला रक्कम गेल्याचं कळतही नाही, दुसऱ्याचं घरभाडं थकतं. फिनलंडमध्ये १९२१ पासून गुन्हा केवढा यावरून दंडाचे दिवस ठरतात आणि एका दिवसाची रक्कम त्या माणसाच्या कमाईवरून काढतात."

"दंडाचं ठीक आहे," हिशेबनीस म्हणाला. " पण साध्या दाखल्यासाठी प्रत्येकाची मिळकत कुठे तपासत बसू? तपासणीलाच जास्त खर्च येईल."

हे मला पटलं. माझं भांडण मूळ शुल्काशी नाहीच. ते वेळेत भरता आलं नाही की पुढे जे वाढत जातं, त्याच्याशी आहे. मी त्याला फर्ग्युसनची गोष्ट सांगितली. अमेरिकेतलं मिसूरी राज्यातलं हे छोटं शहर. तिथल्या पोलीस आणि कोर्टाच्या कारभारावर केंद्राच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात एका बाईचं प्रकरण आहे. २००७ साली तिने एकदा चुकीच्या जागी गाडी उभी केली. दोन पावत्या फाटल्या, दंड १५१ डॉलर, वर शुल्क वेगळं. बाईची ओढाताण चालू होती, मधे राहायला घरही नव्हतं. तारीख चुकली की नवा दंड आणि वॉरंट. ती एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर भरायला गेली, तर कोर्टाने ते परत केले. पूर्ण रक्कम हवी होती. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते, सहा दिवस तुरुंगात काढले होते आणि तरी तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी होते.

पैसे घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचं आणि वर त्यालाच थकबाकीदार म्हणायचं! याला वसुली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कट्ट्यावरच्या वकिलाने सांगितलं की तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली बेअर्डन खटल्यात स्पष्ट केलं होतं: ऐपत असून भरत नाही की ऐपतच नाही, हे तपासल्याशिवाय दंड थकला म्हणून माणसाला आत टाकता येत नाही. "पण ते तपासायला कोणी विचारावं तर लागतं ना! वकील परवडत नाही त्याच्या वतीने विचारणार कोण?"

"एका गावावरून सगळं जग खराब ठरवू नका," हिशेबनीस म्हणाला.

मग इंग्लंडचं बघ. तिथला घरावरचा स्थानिक कर हप्त्यांनी भरता येतो. हप्ता चुकला, स्मरणपत्र आलं, तरीही जमलं नाही, तर हप्त्यांची सवलतच जाते आणि वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागतात. ज्याला एक हप्ता जड गेला त्याच्याकडून सगळे एका वेळी! वर २०१४ च्या नियमांत प्रकरण वसुली अधिकाऱ्याकडे गेलं की ७५ पौंड आणि तो दारात आला की आणखी २३५ असं शुल्क ठरलं होतं. यात करापोटी एक पौंडही जमा झालेला नसतो.

हिशेबनीस थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तगादा लावला नाही तर लबाड सुटतात आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. त्याचा विचार कोण करणार?" खरं आहे. पण लबाड कोण हे शोधायचं काम सरकारचं आहे. ऑस्ट्रेलियाने ते यंत्रावर सोपवलं आणि झळ लाखो लोकांना बसली. रोबोडेट नावाची ती योजना. सरकारी भत्ता घेणाऱ्यांची वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटायची. समजा, कोणी १३ पंधरवडे दोन-दोन हजार कमावले आणि उरलेले १३ बेकार होता. हिशेबात तो प्रत्येक पंधरवड्याला हजार कमावतोय असं दिसतं, म्हणजे बेकारीत घेतलेला भत्ता जास्तीचा आणि आता कर्ज! ते खोटं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी नोटीस मिळालेल्यावर. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या कोण जपून ठेवतो? २०१९ मध्ये सरकारनेच कोर्टात चूक मान्य केली, पुढे पैसे परत केले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने योजनेचे वाभाडे काढले. मधल्या वर्षांत नोटिशीच्या धाकाने ज्यांची झोप उडाली त्यांना काय परत मिळालं?

मास्तरांनी पैशाचीच बाजू घेतली. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या बर्नलिलो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दंड-शुल्काचा एक डॉलर वसूल करायला निदान १ डॉलर १७ सेंट खर्च होत होते, असं २०१९ च्या एका अभ्यासात निघालं. "तुरुंग, कर्मचारी, सुनावण्या, सगळं धरून. मग तिजोरीत भर कसली पडली?"

"म्हणजे माफच करून टाकायचं?"

नाही. मला माफी नको आहे, जमा करण्याचा क्रम बदलून हवा आहे. थकलेल्या खात्यात माणूस पैसे भरतो तेव्हा ते अनेक ठिकाणी आधी वसुलीच्या खर्चात जातात, मग व्याजात, उरले तर मुद्दलात. छोटे हप्ते भरणाऱ्याचं मुद्दल जागचं हलत नाही आणि व्याज त्याच मुद्दलावर चालू राहतं. जर्मनीच्या नागरी संहितेत ग्राहक कर्ज थकलं तर दाव्याचा खर्च वळता करून आधी मुद्दल फेडलं जातं, व्याज शेवटी. खाजगी सावकाराला हे बंधन घालता येतं, तर सरकारी थकबाकीला का नाही? आणि कितीही छोटा हप्ता आला तरी तो घ्यायचा, पावती द्यायची.

हिशेबनिसाने क्रम बदलणं मान्य केलं. छोटा हप्ता मात्र नाही. "पाच-पाच रुपये आणून देतील लोक, नोंदी कोण ठेवणार?" वकील म्हणाला, नोटिशींच्या नोंदी ठेवता तशाच ठेवा. यावर अजून तोड निघालेली नाही.