पट्टा चामड्याचाच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब,

अग्निशमन जवानांसाठी मी हाताने शिवतो त्या वॉकीटॉकीच्या पट्ट्यांबद्दल लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं असं: चामडं काजळी पितं आणि धुता येत नाही. तुम्ही उभी नोकरी वॉकीटॉकी खिशात ठेवून केली. खांद्यावरून तिरका पट्टा हे अमेरिकेतलं फॅड आहे. आणि अडीचशे रुपयांना नायलॉनचा पट्टा मिळत असताना अडीच हजार मागणं म्हणजे 'चांभारकाम कला म्हणून विकणं'. तुम्ही आमच्या नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेले, पुढे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मी आग बाहेरून पाहिलेला माणूस. त्यामुळे घाईने उत्तर दिलं नाही.

काजळीचं आधी, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते मी लेखातच लिहायला हवं होतं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं काम पहिल्या गटात टाकलं, म्हणजे या कामाने माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असं मानलं. धुरातलं विष कपड्यांवर बसतं, तसंच पट्ट्यावरही बसतं. कोट धुता येतो. चामडं मशीनमध्ये टाकलं तर तेल निघून जातं, ते वाळून कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. मी आता आतली खरबरीत बाजू उघडी ठेवत नाही, दोन पदर पाठीला पाठ लावून शिवतो, कडा घासून मेण भरतो. आगीच्या कॉलवरून आल्या आल्या ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसायचा, सावलीत वाळवायचा, घरी न्यायचा नाही. एवढं करूनही जो जवान दिवसाआड धुरात शिरतो, त्याने चामड्याचा नव्हे, वरून प्लास्टिकचा थर दिलेला, धुता येणारा पट्टा घ्यावा. माझ्याकडे असा जवान आला तर मी हेच सांगीन.

खिशाबद्दल मात्र थोडं थांबा. तुमचा खिसा उष्णतेच्या दृष्टीने चूक नव्हता. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने 2006 मध्ये हे तपासलं, तेव्हा उघडे ठेवलेले वॉकीटॉकी 160 अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटांच्या आत बिघडले. कोटाचं आवरण उपयोगाचं असतंच. अडचण दुसरीकडे आहे. छातीवरच्या खिशातून माइकची वायर बाहेर लोंबते, लोखंडी रॅकच्या टोकात अडकते. गुडघ्यांवर रांगताना वॉकीटॉकीचा सेट खिशातून वर सरकतो. अँटेना अंगाला चिकटली की शरीरच लहरी शोषतं. म्हणून तिरका पट्टा कोटाच्या आत घालायचा. सेट कोटाच्या काठाखाली मांडीलगत राहतो, वायर पूर्ण आत असते, माइक गळ्याशी. खालून एक छोटी पट्टी कमरपट्ट्याला अडकवायची, म्हणजे धावताना सेट मांडीवर आपटत नाही. सेटला कोटाचं आवरण राहत नाही, हे खरं, आणि ते मी लपवत नाही. पण धुरात, हातमोजा घालून, न बघता हात टाकला की सेट दर वेळी त्याच जागी सापडतो. मला पट्ट्याचं काम एवढंच वाटतं. ही रीत अमेरिकेत रुळली, यात काही कमीपणा नाही. आणि कोटावरून घातलेला पट्टा तारांत अडकू शकतो, हे तुमचं म्हणणं मी लेखात जसंच्या तसं घालतोय.

आता नायलॉन. बाजारातला पातळ पट्टा पिळतो, सेट उलटा फिरतो. नायलॉनच्या साध्या जाती 220 ते 260 अंशांच्या आसपास वितळतात आणि वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं. चामडं वितळत नाही, करपतं. पण तेही अग्निरोधक नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ओलं असताना 80 अंशांच्या आसपासच आकसायला लागतं, क्रोमच्या क्षारांत कमावलेलं त्याहून बरंच जास्त सोसतं. म्हणून सेट ठेवायची मांडीवरची पेटी मी क्रोमच्या चामड्याची करतो आणि पट्टा झाडाच्या सालीतला, कारण तो ताणत नाही.

हे मी नुकसान करून शिकलो. पहिला पट्टा म्हशीच्या पोटाकडच्या चामड्याचा होता. बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या जवानाने तो महिनाभर वापरला आणि पेटी गुडघ्यापर्यंत आली. पट्टी पाठीचीच हवी, एका लांबीची, मध्ये जोड नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे हाताशी येतं ते बहुतेक म्हशीचं, जाड आणि मोठ्या दाण्याचं. एका कातड्यातून पाठीच्या अशा पट्ट्या मोजक्याच निघतात. त्यानंतर दोन सुया, एक मेणवलेला दोरा, आणि प्रत्येक भोक आरीने. मशीनच्या टाक्यात एक धागा तुटला की शिवण उसवत जाते. या टाक्यात दोन्ही बाजूंनी दोरा स्वतंत्र गेलेला असतो, एक तुटला तरी पुढचा धरून राहतो. एका पट्ट्याला माझे दीड दिवस जातात. अडीच हजारांत चामडं, पितळी बक्कल आणि ते दीड दिवस आहेत.

राहिला तुमचा शेवटचा शब्द. साहेब, हे चांभारकामच आहे. माझे आजोबा मोटा शिवायचे. विहिरीतून दिवसभर पाणी ओढणारी मोट शिवणीत गळली तर शेतकरी दारात येऊन उभा राहायचा. ती शिवण घट्ट बसवण्याचं ज्ञान आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं, त्याचा मोबदला मात्र सुपात पडणारं धान्य एवढाच होता. तुमची प्रतिक्रिया 14 एप्रिलला आली. मुंबईच्या गोदीत 1944 साली 'फोर्ट स्टायकिन' जहाजाच्या स्फोटात गेलेल्या 66 जवानांचा तो स्मरणदिन, आणि आमच्या घरी बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी तो शब्द किंमत पाडायला वापरलेला वाचून वाईट वाटलं. मी कामाला दुसरं नाव देऊन विकत नाही. त्याच नावाने, पूर्ण दामाने विकतो.

बुटीबोरीच्या त्या जवानाला दुसरा पट्टा मी पैसे न घेता दिला. परवा तो म्हणाला, "दादा, हा अंगावर हाये हे मले आता कळतच नाई."

मूळ लेखातलं 'आयुष्यभर टिकतो' हे वाक्य मी काढलं आहे. तिथे आता असं आहे: दर पावसाळ्यानंतर शिवण आणि बक्कल तपासा, एरंडेलाचा हात फिरवा, आणि आतून काळा पडलेला पट्टा टाकून द्या.