घोरणारा ड्रायव्हर गाढ झोपेत असतोच असं नाही

ट्रकचालकांसाठी म्हणून एक मेसेज फिरतोय. मुरलेल्या ड्रायव्हरला चार तासांची झोप पुरते, घोरायला लागला म्हणजे झोप गाढ लागली, पेंग आलीच तर खिडकी उघडून गाणी मोठ्यानं लावा, आणि झोपेची तपासणी मात्र करू नका, नोकरी जाईल. यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही.

आधी घोरण्याचं बोलतो, कारण सर्वांत घातक गैरसमज तोच आहे. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि गुदमरून दचकणं ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं आहेत. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो. तासाला असं 15 वेळा झालं तर आजार मध्यम, 30 वेळा झालं तर तीव्र. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. आठ तास पडून राहूनही माणूस थकलेलाच उठतो आणि तसाच स्टिअरिंगवर बसतो. बहुतेकदा हे पहिल्यांदा कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला. त्यानं सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नका.

कमी झोपेची सवय होते? 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 14 दिवस रोज चारच तास झोपलेल्यांचं लक्ष जवळपास सलग दोन रात्री जागलेल्यांइतकं ढासळलं होतं. आपण इतके मंदावलोय हे त्यांना स्वतःला जाणवतच नव्हतं. सवय झाली असं वाटतं ते यामुळेच.

खिडकी आणि गाण्यांनी फार तर काही मिनिटं तरतरी येते. ताशी 80 किलोमीटर वेगात चार सेकंद डोळा लागला, तर ट्रक जवळपास 90 मीटर पुढे गेलेला असतो. पेंग आली की सुरक्षित जागी गाडी लावून झोपायचंच.

राहिली नोकरीची भीती. ती खोटी नाही, पण इलाज टाळण्याची किंमत फार मोठी आहे. अमेरिकी ट्रकचालकांच्या 2016 सालच्या अभ्यासात, ॲप्निया असून उपचार न घेणाऱ्यांच्या हातून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात पाचपट झाले. श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र नियमित वापरणाऱ्यांचं प्रमाण मात्र ॲप्निया नसलेल्यांइतकंच होतं. युरोपीय संघाच्या नियमांतही आजार उपचारानं आटोक्यात असेल तर ट्रकचं लायसन्स मिळतं, फक्त वर्षाच्या आत पुन्हा तपासणी करावी लागते.